जुन्या व्हॅनचा एसी आणि बिघडलेले आयडलिंग : दोष शोधण्याचा क्रम

सिग्नलला व्हॅन थांबते, एसीचा वारा हळूहळू कोमट होतो, एसीचा गॅस दाबणाऱ्या कॉम्प्रेसरने पकड घेताच इंजिन खाली बसते, चालकाच्या सीटखालून थरथर जाणवू लागते आणि सिग्नल हिरवा होण्याच्या सुमारास कधीकधी गाडी बंदही पडते. दहा-पंधरा वर्षे वापरलेल्या व्हॅनच्या मालकांना हा प्रकार ओळखीचा असेल. सवयीने आपण या तक्रारीचे दोन तुकडे करतो. गारवा नाही म्हणून एसीवाल्याकडे जातो आणि तो गॅस भरून देतो. गाडी बंद पडते म्हणून मेकॅनिककडे जातो आणि तो रेस वाढवून देतो. आठ-पंधरा दिवस बरे जातात आणि दुखणे पुन्हा जागेवर येते. माझ्या स्वतःच्या व्हॅनमध्ये एकाच उन्हाळ्यात तीनदा गॅस भरून झाल्यावर मला कळले, की दोष गॅसमध्ये नव्हता, कंडेन्सरच्या, म्हणजे गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या समोरच्या जाळीच्या, पंख्यात होता. पंखा फिरत होता म्हणून कोणी त्याच्याकडे पाहिले नव्हते. तो निम्म्याच वेगाने फिरत होता. खाली दिलेला तपासणीचा क्रम त्या तीन बिलांनंतर मी पाळू लागलो. गॅस त्यात मुद्दाम शेवटच्या पायरीवर येतो आणि रेस वाढवणे तर येतच नाही.

या लेखात डोळ्यांसमोर आहेत त्या सीटखाली इंजिन असलेल्या पेट्रोल व्हॅन. १९८४ मध्ये आलेली आणि २०१९ पर्यंत बनत राहिलेली ७९६ सीसीची, तीन सिलिंडरची ओम्नी, २००१ ची व्हर्सा आणि २०१० पासून रस्त्यावर आलेली चार सिलिंडरची ईको या त्यांतल्या आपल्याकडच्या परिचित गाड्या. जुन्या ओम्नीत कार्बोरेटर असतो आणि एसी बहुधा बाहेरून बसवलेला असतो. नंतरच्या गाड्यांत इंधन इंजेक्टरमधून येते आणि आयडलिंगचा, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन फिरण्याचा, वेग संगणक, म्हणजे ईसीयू, सांभाळतो. तपासणीचे तत्त्व दोन्हींना सारखेच आहे, केवळ हात घालण्याच्या जागा बदलतात.

ही दोन दुखणी एकत्र का येतात, हे आधी समजून घेतले तर पुढचे सगळे सोपे जाते. उभ्या गाडीत इंजिन मिनिटाला साधारण ७५० ते ९०० फेरे फिरत असते आणि त्या वेगाला त्याच्याकडे स्वतःला फिरते ठेवण्यापलीकडे फारच थोडी ताकद शिल्लक असते. ओम्नीच्या इंजिनाची पूर्ण वेगातली ताकदच सुमारे ३५ अश्वशक्ती, तेव्हा आयडलिंगला काय उरत असेल याची कल्पना करावी. त्या शिलकीतून कॉम्प्रेसर फिरवायचा, पंखे आणि ब्लोअर चालवण्यासाठी अल्टरनेटरही फिरवायचा. त्यामुळे इंजिनात लहानसा अशक्तपणा असेल तर तो एसी लावल्यावरच उघडा पडतो. उलट बाजूने पाहिले तर कंडेन्सर तापला, की त्यातला दाब चढतो, दाब चढला की कॉम्प्रेसर फिरवायला अधिक जोर लागतो आणि धडधाकट इंजिनही खाली बसते. म्हणजे एसीचा दोष इंजिनाच्या तोंडून बोलतो आणि इंजिनाचा दोष एसीच्या तोंडून. कोण कोणाच्या तोंडून बोलतो आहे, एवढेच शोधायचे असते.

गाडीला हात लावण्यापूर्वी

एक वही घ्यावी आणि दोन दिवस नुसती नोंद ठेवावी. गाडी थंड असताना त्रास होतो की तापल्यावर, एसी बंद असतानाही इंजिन थरथरते का, गारवा चालत्या गाडीत पुरेसा असून थांबल्यावरच जातो का, गाडी सीएनजीवर असेल तर पेट्रोलवर घेतल्यावर फरक पडतो का, कॉम्प्रेसर किती सेकंद पकडतो आणि किती सेकंद सुटतो. हे पाच प्रश्न कोणतेही हत्यार न लागता सुटतात आणि निम्मे निदान त्यांतच होते. कॉम्प्रेसरची पकड कानांनी कळते. ‘टक्’ असा आवाज येतो आणि इंजिनाचा सूर बदलतो. तो दर पाच-दहा सेकंदांनी पकडत-सोडत असेल तर गॅस कमी असल्याचा संशय घ्यावा. पाच-दहा मिनिटे नीट चालून बराच वेळ सुटत असेल तर दाब किंवा इंजिनाचे तापमान जास्त चढत असावे, किंवा कॉम्प्रेसरला पट्ट्याशी जोडणाऱ्या चुंबकी क्लचची कॉइल तापून दगा देत असावी.

सुरक्षेविषयी दोन गोष्टी इथेच सांगितलेल्या बऱ्या. या गाड्यांत सीट उचलली, की फिरते पट्टे आणि तापलेले पाईप थेट हातापाशी येतात, म्हणून ओढणी, उपरणे, सैल बाह्या आणि हातातले कडे दूर ठेवावे, हँडब्रेक ओढावा, चाकांना दगड लावावा आणि गाडी न्यूट्रलमध्ये ठेवावी. इंजिन चालू ठेवून करायची प्रत्येक तपासणी मोकळ्या जागेत करावी, बंद पार्किंगमध्ये कधीही नाही.

पहिली पायरी : एसी बंद, दिवे बंद

इंजिन पूर्ण गरम होऊ द्यावे आणि सगळा विजेचा वापर बंद करून आयडलिंग ऐकावे. इथेच थरथर किंवा मिसिंग (एखादा सिलिंडर मधूनमधून न पेटणे) असेल तर एसीला विसरून जावे, आधी इंजिन.

अशा वेळी सर्वांत स्वस्त गोष्टींपासून सुरुवात करावी. एअर फिल्टर काढून उन्हात धरावा, प्लग काढून त्यांची टोके आणि गॅप पाहावी, प्लगला वीज नेणाऱ्या हायटेन्शन वायरींना तडे आहेत का ते तपासावे. वायरींची एक जुनी परीक्षा आजही उत्तम चालते : रात्री अंधारात इंजिन चालू ठेवून फवाऱ्याच्या बाटलीने वायरींच्या आसपास पाण्याचे हलके तुषार मारावेत, कुठे निळी ठिणगी उडताना दिसली, तर ती वायर बदलण्याजोगी झाली. हे मात्र हातभर दूर उभे राहूनच पाहावे. एखादा सिलिंडर मुळीच काम करत नसेल तर इंजेक्टरच्या गाडीत एकेका इंजेक्टरची जोडणी क्षणभर काढून इंजिनाचा सूर ऐकावा. ज्याची जोडणी काढल्यावर काहीच फरक पडत नाही, तो सिलिंडर आळशी. तीन सिलिंडरच्या इंजिनात एक आळशी निघाला म्हणजे एक तृतीयांश ताकद गेली, आणि मग एसी पेलणार कसा? चालू इंजिनावर प्लगची वायर उपटण्याची पद्धत मात्र टाळावी, त्यात झटका बसतो आणि इग्निशन कॉइलही जाऊ शकते.

त्यानंतर थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात जाणारी हवा आवरणारा भाग. इंजेक्टरच्या गाडीत थ्रॉटलच्या पाकळीमागे आणि आयडल कंट्रोल व्हॉल्व्हच्या वाटेत काळ्या काजळीचा थर बसतो. आयडलिंगला लागणारी सगळी हवा त्या अरुंद वाटेनेच आत येत असल्याने थोडा थरही पुरेसा ठरतो. इंजिन बंद आणि थंड असताना थ्रॉटल बॉडी क्लीनर आणि मऊ फडक्याने ही जागा साफ करावी, तारेचा ब्रश किंवा पॉलिश पेपर लावू नये. सफाईनंतर आणि बॅटरी काढून पुन्हा जोडल्यानंतर काही वेळ आयडलिंग वरखाली होते, कारण ईसीयू नव्या परिस्थितीशी जुळवून घेत असतो. पाच-दहा मिनिटे त्याला तशीच द्यावीत. घाबरून लगेच स्क्रू फिरवू नये. थ्रॉटलच्या थांब्याचा स्क्रू कारखान्यातून बसवून आलेला असतो आणि त्याला हात लावून वाढवलेली रेस ही दुरुस्ती नव्हे. त्याने मूळ दोष झाकला जातो, पेट्रोल जास्त जाते आणि कॉम्प्रेसरचा क्लच दर वेळी अधिक वेगावर आपटून पकडतो.

हवेची गळती हा पुढचा संशयित. ब्रेक बूस्टरकडे जाणारी नळी, क्रँककेसच्या वाफा परत नेणारी नळी आणि इनटेक मॅनिफोल्डचे पॅकिंग या तीन जागा जुन्या गाडीत नक्की तपासाव्यात. इथे एक बारकावा आहे. कार्बोरेटरच्या गाडीत बाहेरची हवा आत शिरली, की मिश्रण पातळ होऊन इंजिन अडखळते. मॅनिफोल्डचा दाब मोजून पेट्रोल ठरवणाऱ्या गाडीत मात्र तीच गळती आयडलिंगचा वेग उलट वाढवते, कारण दाब वाढलेला दिसताच ईसीयू पेट्रोलही वाढवतो. त्यामुळे ‘रेस आपोआप चढलेली राहते’ ही तक्रार आणि ‘रेस बसते’ ही तक्रार कधीकधी एकाच फाटक्या नळीची असते. गळती शोधण्यासाठी अनेक जण ज्वालाग्राही क्लीनर फवारतात. इंजिन सीटखाली बंदिस्त असताना आणि सायलेन्सरचा पाईप तापलेला असताना ते मला धोक्याचे वाटते. रबरी नळीचे एक टोक कानाशी आणि दुसरे टोक एकेका सांध्याजवळ नेले, तर गळतीची शीळ स्पष्ट ऐकू येते.

गाडी सीएनजीवर चालत असेल तर ही सगळी परीक्षा दोन्ही इंधनांवर करावी. सीएनजीवर त्याच इंजिनाची ताकद काहीशी कमी भरते, म्हणून आधीच तोकडी असलेली शिल्लक आणखी तोकडी होते. पेट्रोलवर एसीसह गाडी व्यवस्थित उभी राहते आणि सीएनजीवर बंद पडते, असे दिसल्यास एसीला दोष न देता सीएनजीचा फिल्टर, त्याचा दाब उतरवणारा रिड्यूसर आणि प्लग यांच्याकडे वळावे. रिड्यूसरची जुळवणी घरी करू नये. ते काम त्यातल्या जाणकाराचेच आहे. याउलट सीएनजीवर ठीक आणि पेट्रोलवर खराब असेल, तर महिनोन्महिने टाकीत पडून राहिलेले पेट्रोल आणि चिकटलेले इंजेक्टर हे बहुधा कारण असते. आठवड्यातून काही किलोमीटर गाडी पेट्रोलवर चालवली तर हे टळते. ओम्नीसारख्या इंजिनात टॅपेटचे अंतर तपासून घेणेही याच टप्प्यावर योग्य, विशेषतः गाडी बरीच वर्षे सीएनजीवर चाललेली असेल तर.

एक फसवी शक्यताही नोंदवून ठेवतो. आयडलिंगचा वेग अगदी बरोबर असतो, मिसिंग नसते, तरी सीट थरथरते. अशा वेळी दोष इंजिनात नसून इंजिनाच्या रबरी माउंटिंगमध्ये असतो. बसलेले रबर प्रत्येक धक्का थेट चौकटीला देते आणि एसीचे ओझे पडताच ते अधिक जाणवते. असल्या माउंटिंगवर थ्रॉटल बॉडी दोनदा साफ केल्याने काहीही होत नाही.

दुसरी पायरी : विजेचे ओझे

आता एसी न लावता फक्त हेडलाइट आणि ब्लोअर पूर्ण वेगावर लावावा आणि बॅटरीच्या टोकांवर मल्टीमीटर धरावा. निरोगी गाडीत आयडलिंगला १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसतात. सगळे ओझे पडल्यावर आकडा १३ च्या खाली जात असेल तर अल्टरनेटर, त्याचा पट्टा किंवा जोडण्या यांत कमीपणा आहे. मल्टीमीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरे इंजिनाच्या उघड्या धातूवर ठेवून अर्थिंगही पाहावे, तिथे ०.२ व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर अर्थिंगची पट्टी काढून घासून पुन्हा घट्ट बसवावी. हा पाच मिनिटांचा उद्योग लोक टाळतात, आणि मला तर वाटते की जुन्या व्हॅनमधली सर्वांत दुर्लक्षित जागा हीच असावी. कमी व्होल्टेजमध्ये ठिणगी दुबळी होते, पंखा हळू फिरतो आणि कॉम्प्रेसरच्या क्लचची चुंबकीय पकड घसरते. एका सैल पट्टीने तीन ठिकाणी दोष दाखवला, असे इथे घडू शकते.

पट्ट्यांकडेही याच वेळी पाहावे. इंजिन बंद करून दोन पुलींच्या मधोमध अंगठ्याने जोर दिला असता पट्टा साधारण ८ ते १० मिलिमीटर दबावा. एसी लावताक्षणी कर्कश किंचाळी ऐकू आली तर पट्टा सैल किंवा गुळगुळीत झाला आहे. एसी बंद असतानाही कॉम्प्रेसरच्या बाजूने सतत घरघर येत असेल तर पुलीचे बेअरिंग गेले आहे. ते वेळीच बदलले तर कॉम्प्रेसर वाचतो.

तिसरी पायरी : एसी लावल्याचा तो एक क्षण

आता एसी लावावा आणि त्या क्षणी आरपीएमचे, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाच्या फेऱ्यांचे, काय होते ते पाहावे. बऱ्याच जुन्या व्हॅनमध्ये आरपीएमचा काटाच नसतो. २०१० नंतरच्या गाड्यांत ओबीडीच्या, म्हणजे ईसीयूची माहिती वाचण्याच्या, जोडणीत बसणारे छोटे ब्लूटूथ यंत्र आणि मोबाइलवरचे अ‍ॅप वापरून आकडा वाचता येतो. कार्बोरेटरच्या गाडीसाठी मेकॅनिककडचा टॅकोमीटर लागतो. नीट असलेल्या गाडीत कॉम्प्रेसर पकडताना आकडा क्षणभर खाली जातो आणि एक-दोन सेकंदांत सावरून मूळ आकड्याइतका किंवा त्याहून थोडा वर, ९०० ते १००० च्या आसपास, स्थिर होतो. आपल्या गाडीचा नेमका आकडा मालकाच्या पुस्तिकेत किंवा इंजिनाजवळच्या स्टिकरवर पाहावा.

आकडा खाली जाऊन तिथेच राहिला, तर आयडल-अपची, म्हणजे एसी लागताच रेस आपोआप सावरणारी, व्यवस्था काम करत नाही. कार्बोरेटरच्या गाडीत ही व्यवस्था साधी आणि डोळ्यांना दिसणारी असते : एसीच्या बटणाबरोबर एक विजेवरचा व्हॉल्व्ह उघडतो, व्हॅक्यूम एका पडद्याच्या डबीपर्यंत पोहोचतो आणि डबीची दांडी थ्रॉटलच्या लिव्हरला किंचित ढकलते. एकाने एसी चालू-बंद करावा, दुसऱ्याने दांडी हलते का ते पाहावे. हलत नसेल तर नळी निघणे, पडदा फाटणे किंवा व्हॉल्व्हला वीज न मिळणे, या तिन्हींपैकी एक गोष्ट निघते. बाहेरून बसवलेल्या एसीत ही नळी कधीतरी कोणीतरी काढून तिचे तोंड खिळा घालून बंद केलेले मी एकाहून अधिक वेळा पाहिले आहे. रेस वाढवून दिली होती, मग नळीची गरज कोणाला? इंजेक्टरच्या गाडीत ईसीयूला आधी एसीची मागणी कळते, तो आयडल कंट्रोल व्हॉल्व्ह थोडा उघडतो आणि मग कॉम्प्रेसरच्या रिलेला परवानगी देतो. त्यामुळे बाहेरच्या वायरिंगने कॉम्प्रेसर ‘डायरेक्ट’ केलेला असेल तर इंजिनाला ओझ्याची पूर्वसूचनाच मिळत नाही आणि ते दर वेळी दचकते. स्कॅनरवर पी०५०५ हा कोड आयडल नियंत्रणाकडे, पी०३०० ते पी०३०४ हे कोड मिसिंगकडे बोट दाखवतात. कोड म्हणजे निकाल नव्हे. कुठून सुरुवात करावी एवढेच तो सांगतो.

‘डायरेक्ट’ करण्याबद्दल थोडे कठोरपणे लिहिणे भाग आहे. एसीच्या पाईपवर किंवा गॅसमधली ओल शोषणाऱ्या ड्रायरवर प्रेशर स्विच असतो. गॅस फारच कमी झाला किंवा दाब धोकादायक चढला, की तो कॉम्प्रेसर बंद करतो. कॉम्प्रेसरचे वंगण गॅसबरोबरच फिरत असते, म्हणून गॅस संपल्यावर कॉम्प्रेसर कोरडा फिरतो आणि जाम होतो. स्विच टाळून वायर जोडून देणारा कारागीर आजचा गारवा देतो आणि कॉम्प्रेसरचे आयुष्य घेतो. आपल्या गाडीत असे केलेले असेल तर बाकी सर्व कामांआधी ते पूर्ववत करून घ्यावे.

चौथी पायरी : पंखा, कंडेन्सर आणि पाण्याची परीक्षा

चालत्या गाडीत गार, थांबल्यावर गरम, ही तक्रार असेल तर नव्वद टक्के लक्ष इथे द्यावे असे मी म्हणेन. गाडी धावत असताना समोरून येणारा वारा कंडेन्सरला थंड ठेवतो. थांबल्यावर ते काम एकट्या पंख्याचे असते. एसी लावल्यावर पंखा फिरतो का एवढेच पाहून थांबू नये, तो जोराने फिरतो का हे पाहावे. समोरच्या जाळीवर वर्तमानपत्राचा कागद धरावा. पंखा आत ओढणारा असेल तर कागद घट्ट चिकटून राहायला हवा. पंख्याच्या मोटरच्या जोडणीवर व्होल्टेज पूर्ण येत असूनही वेग कमी असेल तर मोटरचे कार्बन ब्रश किंवा बेअरिंग गेले आहे, आणि व्होल्टेजच कमी असेल तर रिले, फ्यूजचे पाय किंवा अर्थिंग.

पुढची परीक्षा पाण्याची आहे आणि ती बिनखर्चाची आहे. दुपारच्या वेळी गाडी उभी ठेवून एसी पूर्ण लावावा, डॅशबोर्डवरच्या एसीच्या झडपेत साधा थर्मामीटर खोचावा आणि दहा मिनिटांनी आकडा लिहावा. मग कंडेन्सरवर समोरून पाण्याचा मंद फवारा मारावा. बादलीने पाणी ओतू नये आणि वायरिंगवर किंवा तापलेल्या इंजिनावर ते जाऊ देऊ नये. पाणी पडताच काही मिनिटांत झडपेतली हवा स्पष्टपणे गार झाली आणि इंजिनाचे बसणेही कमी झाले, तर गॅस आणि कॉम्प्रेसर बहुधा ठीक आहेत आणि दोष हवेच्या प्रवाहात आहे. माझ्या गाडीचे तीन वेळा गॅस भरणे या एका परीक्षेने वाचले असते.

प्रवाह अडवणाऱ्या गोष्टी साध्या असतात. कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत पाचोळा, किडे, प्लास्टिकचे तुकडे साठतात आणि समोरून पाहता कंडेन्सर स्वच्छ दिसतो, म्हणून टॉर्च घेऊन फटीत पाहावे. धुताना प्रेशर वॉशरची धार जवळून मारली तर ॲल्युमिनियमची पाती आडवी होतात आणि वाट कायमची बंद होते. साध्या नळाचे पाणी आणि मऊ ब्रश पुरतो. कोकणात आणि गोव्यात खाऱ्या हवेने ही पाती भुगा होऊन गळतात. बोट लावताच ती झडत असतील तर धुण्याचा उपयोग नाही, कंडेन्सर बदलावा. विदर्भात नवतपाच्या दिवसांत पारा ४५ अंशांच्या आसपास असताना जुन्या व्हॅनकडून उभ्या गाडीत थंडगार हवेची अपेक्षा करणेही योग्य नाही. तिथे आपल्या गाडीची पूर्वीची नोंद आणि आजची नोंद यांची तुलना करावी, शेजाऱ्याच्या नव्या गाडीशी नाही.

रेडिएटरचे कूलंटही याच वेळी पाहावे, अर्थात इंजिन थंड असताना. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडणे म्हणजे भाजून घेणे. इंजिन जास्त तापले तर अनेक गाड्यांत ईसीयू स्वतःहून एसी तोडतो, आणि मग मालक गॅस भरायला निघतो.

पाचवी पायरी : आता गॅस

इतके सगळे ठीक असेल तरच गॅसचा दाब मोजणारे गेज लावावेत. हे काम एसीच्या कारागिराकडूनच करून घ्यावे, कारण गॅस अंगावर उडाला तर त्वचा गोठते आणि डोळ्याला कायमची इजा होऊ शकते. मात्र तो काय वाचतो आहे हे आपल्याला कळले तर संभाषण वेगळे होते. आर-१३४ए गॅसवर, साधारण ३५ अंशांच्या दिवशी, इंजिन १५०० आरपीएमवर ठेवले असता कमी दाबाच्या बाजूला २५ ते ४५ पीएसआय आणि जास्त दाबाच्या बाजूला २०० ते २५० पीएसआयच्या आसपास आकडे यावेत. दोन्ही कमी असतील तर गॅस गळला आहे. दोन्ही जास्त असतील तर गॅस जास्त भरला आहे किंवा कंडेन्सरला हवा मिळत नाही. कमी बाजू जास्त आणि जास्त बाजू कमी, म्हणजे कॉम्प्रेसर आतून झिजला. कमी बाजू जवळजवळ शून्यावर किंवा त्याहीखाली, म्हणजे केबिनमधल्या कूलिंग कॉइलमध्ये गॅस सोडणारा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह किंवा ड्रायर तुंबला. वीसेक मिनिटे गारवा, मग काहीच नाही, थोडी विश्रांती दिली की पुन्हा गारवा, असा खेळ चालत असेल तर एक तर यंत्रणेत ओल शिरून व्हॉल्व्हच्या तोंडाशी बर्फ होतो आहे, किंवा कूलिंग कॉइलच गोठते आहे. दुसऱ्या प्रकारात झडपेतून येणारा वाराच मंदावतो. पहिल्यात वारा जोराचा असतो, फक्त गार नसतो.

गॅस कमी निघाला तर नुसता भरून घेऊ नये. बंद यंत्रणेतला गॅस गाडी चालवून खर्च होत नाही. तो कुठून तरी गेला आहे. सांध्यांवर, कॉम्प्रेसरच्या पुढच्या सीलपाशी आणि सर्व्हिस व्हॉल्व्हच्या टोपीखाली तेलकट धूळ जमलेली जागा दिसते का पाहावे, कारण गॅसबरोबर तेलही बाहेर येते. ओ-रिंग बदलल्यावर नायट्रोजनने दाब देऊन साबणाच्या फेसाने तपासणी, मग किमान अर्धा तास व्हॅक्यूम, व्हॅक्यूम टिकतो का ते पाहणे, आणि स्टिकरवर लिहिलेले वजन तोलून तेवढाच गॅस, असा आग्रह धरावा. यंत्रणा उघडली असेल तर ड्रायर बदलणे शहाणपणाचे. ‘थोडा जास्त घालतो, म्हणजे टिकेल’ हे वाक्य ऐकले तर नकार द्यावा. जादा गॅसने दाब चढतो आणि आपण जिथून सुरुवात केली, त्या बसणाऱ्या इंजिनाशी परत येतो.

नव्वदच्या दशकातल्या गाडीला जुना आर-१२ गॅस असू शकतो. ओझोनच्या थराला वाचवण्यासाठीच्या मॉन्ट्रियल करारानुसार त्याचे उत्पादन आपल्याकडे केव्हाच थांबले आहे. अशी यंत्रणा आर-१३४ए वर न्यायची असेल तर जुने खनिज तेल काढून नव्या गॅसला जुळणारे तेल, नवा ड्रायर आणि नव्या ओ-रिंगा लागतात. एकावर दुसरा गॅस ओतून चालत नाही. स्वस्त म्हणून एलपीजीच्या जातीचे गॅस भरून देणारेही भेटतात. ते थंडावा चांगला देतात हे खरे, परंतु ते पेटतात, आणि जिथे प्रवाशांच्या समोर कूलिंग कॉइल आणि सीटखाली इंजिन आहे तिथे ते भरू देऊ नयेत. शाळेची मुले नेणाऱ्या व्हॅनमध्ये तर नाहीच.

केबिनकडून येणारी उष्णता

गेजचे आकडे उत्तम, पंखा उत्तम, आयडलिंग स्थिर, तरीही आत गारवा पुरत नाही, असेही होते. मग उष्णता कुठून आत येते ते शोधावे. सीटखालच्या इंजिनाच्या झाकणाभोवतीचे रबर कडक होऊन तुटलेले असते, खालचे उष्णतारोधक अस्तर कधीच्या तरी दुरुस्तीत फेकून दिलेले असते आणि एसी बिचारा इंजिनाशी झुंजत असतो. सरकत्या दाराचे रबर, गिअर लिव्हरच्या बुडाची रबरी पिशवी, वायरिंग जाण्याची भोके हेही पाहावे. गाडीत हीटर असेल तर त्याचा कॉक पूर्ण बंद होतो का ते पाहावे. केबल सैल पडली असेल तर गरम कूलंट एसीच्या शेजारीच फिरत राहते. कूलिंग कॉइलवर धुळीची गोधडी बसली असेल तर ब्लोअरचा आवाज मोठा आणि वारा थोडा, अशी स्थिती होते. गाडीखाली पाणी टपकण्याऐवजी पायांशी ओल येत असेल तर कॉइलखालची निचऱ्याची नळी तुंबली आहे.

इंजिनाच्या झाकणाचे रबर तपासताना नाकही वापरावे. आयडलिंगला आत धुराचा वास येत असेल तर सायलेन्सरच्या सांध्यातून वायू निसटतो आहे, आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, ज्याला स्वतःचा वास नसतो. आतली हवाच फिरवण्याच्या स्थितीत एसी लावून, काचा बंद करून, उभ्या गाडीत झोप काढण्याची सवय लांब पल्ल्याच्या चालकांना असते. ती अशा गाडीत जीवघेणी ठरू शकते. वास जाणवला तर एसीचे काम बाजूला ठेवून आधी सायलेन्सरचा सांधा आणि झाकणाचे रबर दुरुस्त करून घ्यावे, आणि तोवर काचा उघड्या ठेवूनच गाडी थेट गॅरेजपर्यंत न्यावी.